दुसरी गोळी

दौलतगंजात मुनव्वर मिस्त्रीच्या दुकानी
हिरव्या बनातीवर दोन रायफली आडव्या.
दोन्ही माझ्या ऐपतीबाहेरच्या,
एक जरा कमी बाहेरची.

पहिली मानलिखर.
अक्रोडाचं लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत,
कुणा जहागीरदाराकडून आलेली, नाव मिस्त्री सांगत नाही.
बोल्टची मूठ चमच्यासारखी चपटी.
ओढली तर ओढल्याचं कळत नाही,
कोमट तुपात बोट बुडावं तशी मागे येते.

दुसरी मौझर बनावटीची, तीनशे पंचाहत्तर.
दस्त्याला चीर, चिरेवर पितळी पट्टी,
वजन म्हणे साडेनऊ पौंड,
मिस्त्रीच्या तराजूत पावणेदहा भरलं.
बोल्ट खरखरतो
आजोळच्या जात्यासारखा.

मी डावखुरी.
कड्या, कात्र्या, रायफली
उजव्यांनी उजव्यांसाठी घडवल्या.
मला हात नळीवरून पलीकडे टाकावा लागतो
खांदा न हलवता.
तेवढ्यात अस्वल चार ढांगा पुढे येतं.

'शिकार कशाची, बाईसाहेब?'

शिकार माझी नसतेच, मिस्त्री.
हे गेल्यापासून कंपनी मी चालवते.
दोन जीप, सहा तंबू, खोजी मोहरसिंग,
आणि मोहनाच्या पुढे परमिटाचा एक ब्लॉक.
पाहुणे येतात कलकत्त्याचे, कधी समुद्रापलीकडचे.
पहिली गोळी त्यांची. पैसे तिचेच मिळतात.
ती लागते पोटात, मांडीत,
पुष्कळदा धावड्याच्या खोडात.
मग पाहुणे तंबूत बसून चहा घेतात
आणि मी नि मोहरसिंग रक्त शोधत निघतो.
एका पानावर थेंब,
पुढच्या वीस पानांवर काही नाही.

गेल्या माघात करवंदीच्या जाळीत
ह्यांचीच जुनी रायफल होती हातात.
घाईत बोल्ट अर्धाच ओढला,
दोन काडतुसं एकमेकांना चावून बसली.
मोहरसिंगला तेव्हापासून डावा कान नाही.
त्याने मला एक शब्द विचारला नाही.
मी रोज त्याच्या उजव्या बाजूने चालते.

मिस्त्री ऐकून घेतो, काही बोलत नाही.
खोटी काडतुसं भरतो,
दोन्ही रायफली एकेक करून पालथ्या धरतो,
नळी खाली, मॅगझिन आभाळाकडे,
आणि बोल्ट हळूहळू पुढे सरकवतो.
मानलिखरचं काडतूस सुटून बनातीवर पडलं,
आवाजसुद्धा देखणा झाला.
मौझरने मात्र नखीत धरलेलं सोडलं नाही,
उलटी, तिरपी, थरथरती,
पोटात गेलं तेव्हाच सोडलं.
'असली तो दूसरी गोली है, बाईसाहेब,
पहली तो मेहमान की.'

एवढं कळूनही
मी तासभर मानलिखर मांडीवर घेऊन बसले.
खोटं कशाला बोलू?
अशी वस्तू हाताला एकदाच लागते.
चहा आला, निवला, दुसरा आला.
बाहेर टांगेवाला दोनदा खाकरून गेला.
लाकडात एक गाठ होती, डोळ्यासारखी,
तिच्यावर अंगठा फिरवला
आणि उठले.

एक जीप विकली.

आता रात्री जनकगंजात खोलीतला दिवा मालवून,
डोळे मिटून,
डावा हात वरून पलीकडे,
मूठ वर, मागे, पुढे, खाली.
पहिल्या रात्री पन्नासदा.
अकराव्या रात्री मोजणं सोडलं.
खरखर कमी झाली नाही,
मला तिची सवय झाली.

सकाळी नळावर शेजारच्या पेंढारकरवहिनी म्हणाल्या,
'तुमच्या दाराची कडी लागत नाही का हो?
रात्रभर खटखट ऐकू येते.'

म्हटलं, लागते.
आता लागते.