शहाबंदर

उस्मानगनी सकाळी आले, जैनुद्दीन दुपारी.
दोघांच्या पिशवीत त्याच एका कागदाची झेरॉक्स,
वरच्या घराची काळपट, खालच्या घराची तिरकी.
"बाई, एवढं वाचून सांगा.
शहाबंदर आम्ही की ते?"

बंदर म्हणाल तर राजापुरात आता बंदर नाही.
अर्जुनेनं गाळ आणला, दर साली वीतभर.
गलबतं जैतापूरला थांबू लागली,
मग तिथेही थांबेनाशी झाली.
जकात जिथे मोजत, तिथे गुडघाभर पाण्यात
बाया आता खुबे वेचतात.
किताब तेवढा शाबूत:
लग्नपत्रिकेवर, लाइटबिलावर,
आणि जैनुद्दीनच्या टेम्पोच्या पाठीवर, हिरव्या रंगात,
‘हॉर्न प्लीज’च्या वर.

त्याच आठवड्यात वाचत होते मी
वाचनालयातलं एक जाड, कसर लागलेलं पुस्तक.
स्कॉटलंडचा एक सरदार. राणी पाच वर्षांची,
म्हणून कारभार याच्या हाती.
फ्रान्सच्या राजाला ती पोर सून म्हणून हवी होती.
यानं मान डोलावली.
पोर गलबतात बसवली.
बदल्यात एका फ्रेंच गावाची सरदारकी:
शातेलेरो.
म्हणताना जीभ दोनदा घसरते.
दहा वर्षांत यानं बाजू बदलली, त्यांनी गाव काढून घेतलं.
नाव याच्याकडेच राहिलं.
पुढे तीनशे वर्षांनीही वारसांचे दोन तट
त्या नावावर भांडत होते,
आणि निवाड्याला गेले कुठे, तर फ्रान्सच्या बादशहाकडे,
जिथे मधल्या काळात
सरदारांची मुंडकीच उडवून झाली होती.
हसले मी एकटीच, चष्मा पुसत.

मग कागद उजेडात धरला.
वर फारसी, खाली मोडी, शिक्का अर्धा किडीच्या पोटात.
‘किताब दिल्हा असे. लेकराचे लेकरी चालवणे.’
आणि त्याखाली, हात आखडून लिहिलेली ओळ:
‘सबब की, मयत नाखव्याची लेक, उमर सहा,
अणस्कुऱ्याचे घाटे हुजुरास पोचती केली.’
तिचं नाव असेल तिथे नेमकी घडी.
घडीवर कागद विरलेला.
बोट ठेवलं तर पलीकडचं टेबल दिसतं.

शुक्रवारी नमाजानंतर दोघे आले,
बाकाच्या दोन टोकांना बसले.
मी सगळं वाचलं, सबबसुद्धा, आवाज न चढवता.
उस्मानगनी म्हणाले, "लेकराचे लेकरी, म्हणजे दोघेही?"
जैनुद्दीन म्हणाला, "मग पत्रिकेत वर कोणाचं नाव?"
पंखा फिरत होता.
मी थोडी थांबले, अजून कोणी काही विचारेल म्हणून.
मग पानाचे चाळीस रुपये सांगितले.

नक्कल रात्री उतरवली, दोन प्रती.
घडीच्या जागी टिंबं दिली, पाच.
अक्षरं दोन होती की चार, कोणाला ठाऊक.

जैनुद्दीन आपली प्रत घ्यायला संध्याकाळी आला,
इंजिन बंद न करताच.
मागे बर्फात बांगडे, पाणी रस्त्यावर गळत होतं.
"घाई आहे बाई, पहाटे कोल्हापूरला पोचायचंय."
"कुठल्या रस्त्यानं?"
"आणि कुठल्या?" तो म्हणाला. "अणस्कुऱ्यानं."