ढाळ

दीड टनाचा एसी घेतला तेव्हा
पाण्याचा विचार कुणीच केला नव्हता.
डॉक्टरांनी अक्काच्या कागदावर लिहिलं होतं : थंड, कोरडी हवा.
‘कोरडी’खाली दोन रेघा.
माहुलकडून येणारा वास खिडकीबाहेर राहील,
आम्ही एवढंच पाहिलं.

पाणी मग भिंतीबाहेर लोंबणाऱ्या वीतभर नळीतून
खालच्या गव्हाणकर काकूंच्या पत्र्यावर पडू लागलं.
दर चार सेकंदांनी एक थेंब. त्यांनी मोजलं होतं.
सोसायटीच्या वहीत तारीखवार लिहिलं, शाईच्या पेनाने,
आणि जिन्यात भेटल्या की त्या
माझ्या चपलांशी बोलल्यासारखं खाली बघत.

मी नळी गॅलरीत वळवली, बादलीत सोडली.
बादली रात्री तीनला भरायची.
उठायचो, मोरीत ओतायचो, परत लावायचो.
अक्का झोपेतच म्हणायची, “थांबा, जोडून देते.”
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती ती.
कुणाला जोडून देत असे, कधी विचारलं नाही.

अब्बास तिसेकर आला तो एका रविवारी,
खांद्यावर पीव्हीसीचे दोन पाइप, मागच्या खिशात पाणसळ.
नळी हातात धरून बघितली, सोडून दिली.
“नळीत खोट नाही. ढाळच नाही हिला.
आडवं ठेवलं तर पाणी बसून राहतं, साहेब.
हातामागे एक बोट तरी खाली यायलाच पाहिजे.”
भिंतीतलं भोकसुद्धा त्याने नव्याने पाडलं,
बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं.
विटेची लाल पूड अक्काच्या औषधांवर बसली.
बुडबुडा रेघेवरून जरासा सरकेपर्यंत
तो क्लॅम्प सैल करत राहिला, आवळत राहिला.
खाली शेवटाला एक वाक दिला :
“इथे थोडं पाणी कायम राहू दे, गटाराचा वास वर चढत नाही.”
अक्का खाटेवरून म्हणाली, “म्हणजे होल्डवर.”

पाइप काकूंच्या खिडकीवरूनच जाणार होता.
मी विचारायला गेलो तर त्या स्टुलावर चढून
हातभर बाहेर वाकून जागा दाखवू लागल्या :
“उजवीकडून न्या. डावीकडे माझी दोरी आहे.”

अब्बासने ट्रेमध्ये मगभर पाणी ओतलं.
अक्काने मशीनचा मास्क बाजूला केला, ऐकू यावं म्हणून.
काहीच नाही.
मग खालून काकूंचा आवाज, चाळीतल्या नळावरचा असावा तसा :
“आलं!”

“पण नळाला तर जोडलेलं नाही,” अक्काने विचारलं,
“मग हे पाणी येतं कुठून?”
“खोलीतलंच,” तो हत्यारं गोळा करत म्हणाला.
“ओला टॉवेल, भाताची वाफ, तुमच्या मशीनचं धुकं,
श्वास. माणूस जास्त, तर पाणी जास्त.”
अक्का हसली. हसली की खोकायची,
तरी हसली.
“म्हणजे आमचं बोलणंच चाललंय गटारात.”

दोन उन्हाळे गेले.
तीनला जाग येते अजून. उठत नाही,
पंख्याकडे बघत पडून राहतो.

या एप्रिलला अब्बास सर्व्हिसिंगला आला.
जाळ्या धुतल्या, पाइपाला कान लावला.
“पाणी कमी येतंय. गॅस गेला काय?”
गेज लावलं. काटा जिथे हवा तिथेच.
पुन्हा लावलं.
मग त्याने सावकाश खोलीभर नजर फिरवली :
फळीवर गुंडाळून ठेवलेली मशीनची नळी,
दुमडून भिंतीला टेकवलेली खाट.
“गॅस बरोबर आहे,” म्हणाला,
आणि वाक काढून धुवायला घेतला,
एवढ्याशा गाळासाठी बराच वेळ.

वाक बसवून ट्रेमध्ये मगभर पाणी ओतलं.
मी कुणाला काही सांगितलं नव्हतं,
काकू तर आता कानांनी मंद झाल्यात म्हणतात.
पाइपातून काहीतरी सरकत गेलं,
आणि खालून, कुणी विचारलेलं नसताना :
“आलं!”