मान्साकडे निघालेली वाळू

लाट तिरकी चढते, मान्सा,
आणि सरळ उतरते.
एवढंच आहे सगळं.
विद्यापीठातून आलेल्या सेलोर्मनं
पुळणीवर काठीनं रेघा ओढून दाखवलं मला:
नैऋत्येकडून येते, कणाला तिरकस वर नेते,
परतताना उताराला लागून
नाकासमोर खाली सोडते.
धावदोऱ्यासारखं. टाका वर, टाका खाली,
आणि दर टाक्याला कण वीतभर पूर्वेला.

मी म्हटलं, पोरा, हे रापण ओढणाऱ्यांना विचारायचंस.
जाळं सोडतो ते एका घरासमोर,
ओढून काढतो ते दोन घरं पुढे.
म्हणजे, घरं होती तेव्हा.

आपलं घर आता होडीतूनच दाखवावं लागतं.
आधी नारळांची रांग गेली, तू होतीस तेव्हा.
मग अंगण.
मग आईची मासे धुरावायची भट्टी, एका रात्रीत,
आत लावलेल्या माशांसकट.
मासे घरी गेले, म्हणून बाबा हसले
आणि तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.
मोठ्या ओहोटीला पायऱ्या दिसायच्या, तीन.
मागच्या वर्षी एक.

सेलोर्मनं दोन पोती वाळू रंगवली, गुलाबी,
तुझ्या लग्नातल्या कापडाच्या रंगाची,
आणि केट्याच्या किनाऱ्यावर फुटत्या लाटेत ओतली.
रात्री निळा दिवा घेऊन तो शोधत निघाला,
मी बादली धरून मागे.
पहिल्या रात्री दोनशे पावलांवर चमकली.
तिसऱ्या रात्री होड्यांच्या पलीकडे.
सातव्या रात्री एकच कण, एका खेकड्याच्या पाठीवर.
हरवली, मी म्हटलं.
हरवत नाही मावशी, पातळ होते, तो म्हणाला.

पोत्यातली मूठभर मी आधीच चोरली होती.
तुझं नाव घेऊन वेगळी सोडली.

खरं सांगते, इतकी वर्षं
मला वाटायचं, माझं जे जातंय
ते तुझ्या दारात पडतंय.
पायऱ्या, भट्टीची माती, आईला पुरलं ती जागा,
सगळं पायी निघालंय तुझ्याकडे, कणाकणानं,
सीमेवर कुणी कागद न मागता.
कधी त्यानं बरं वाटायचं.
कधी राग यायचा:
आईची सोन्याची फुलं नेलीस ती नेलीस,
आता अंगणही?

आणि रविवारी तुझा फोन.
समुद्रानं तुझी मागची भिंत नेली.

मी सेलोर्मच्या नकाशावर बोट ठेवलं. हे अनेहो,
इथे माझी बहीण. मग वाळू कुठाय?
त्यानं माझं बोट उचलून मागे आणलं, लोमेला,
बंदराच्या दगडी हातावर.
अलीकडे साठते, म्हणाला.
पलीकडे लाट रिकाम्या हाती पोचते.
आणि रिकाम्या हाती आलेली लाट, मान्सा,
काहीतरी घेऊनच परतते,
एवढं मला कुणी शिकवायला नको.
आणि आमच्या वाट्याची? नदीतून यायची ती?
ती वर धरणात बसलीय, मावशी.

काल मी लोमेला उतरले. पाहून तरी यावं.
केवढी पुळण! समुद्र दिसायला चालावं लागतं.
पोरं फुटबॉल खेळत होती, दोन मैदानं शेजारी शेजारी,
गोलाचे खांब बांबूचे, खोल रोवलेले.
मी चपला काढल्या.
चेंडू माझ्याकडे आला, पोरं ओरडली,
मला मारता आला नाही.
मी तिथेच बसून राहिले त्यांचा खेळ संपेपर्यंत.
गुलाबी काही दिसलं नाही. दिवा नव्हता.

आता गाडीत आहे, पूर्वेकडे.
मांडीवर दुधाचा पत्र्याचा डबा.
ड्रायव्हरनं विचारलं, डब्यात काय?
म्हटलं, अंगण.
तो आरशातून बघतोय मघापासून.
रस्ता खड्ड्यांचा आहे, झाकण घट्ट बसत नाही,
थोडं सांडतंय.