मधला

जाहिरात नव्हतीच. शाळेच्या बसच्या इंजिनात
डोकं घालून बसले होते, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला,
वरच्या रस्त्याला, इडवालच्या मेंढवाड्यात
एक कावासाकी पडून आहे, तीन सिलिंडरची,
सन त्र्याहत्तर. विकणार नाही म्हणतो,
पण विचारायला गेलेल्याला चहा देतो.

मी चार चहा प्यायले.
पाचव्याला त्याने ताडपत्री उचलली.

टाकीचा हिरवा रंग उडालेला, फक्त सीटच्या आडोशाला
तळहाताएवढा शिल्लक.
एअर बॉक्समध्ये उंदरिणीचं बाळंतपण,
मेंढीच्या लोकरीवर, नीट अंथरलेलं.
किकवर उभी राहिले, सगळं वजन टाकून:
किक जागची हलली नाही.
ब्लायनायचा पाऊस कुणाचंच क्रोम ठेवत नाही.

"तिघांनी मिळून घेतली," तो म्हणाला,
"पाटीच्या खाणीतल्या पगारातून. डावा सिलिंडर टेक्विनचा,
उजवा हेविनचा. ज्याने त्याने आपापला घासायचा.
मधला माझा. मधल्याला वारा कमी लागतो,
तापतो बिचारा. आईसुद्धा हेच म्हणायची."

सातशे पौंड मोजले मी, मेणकापडावर.
त्याने दोनदा मोजले. चावी दिली नाही.
"सुरू झाली की घेऊन ये. ऐकतो. मग बघू."

नमनाला घडाभर तेल म्हणतात, ते असं:
नऊ दिवस तिन्ही भोकांत ओतत होते,
पिस्टन ढिम्म. दहाव्या दिवशी
लाकडी ठोकळ्यावर हातोडीचा एकच ठोका,
आणि आत काहीतरी कुरकुरत कबूल झालं.

क्रँकचे सील बिस्किटासारखे तुटले.
टू-स्ट्रोक पोटातून श्वास घेतो;
पोटाला चीर गेली की न सांगता वेग वाढवत सुटतो,
तापात बरळणाऱ्या माणसासारखा.
माझ्या सवयीची ती बस. एकदा पेटते,
मग एक अख्खा फेरा विचारात घालवते.
हिला विचार माहीत नाही. दर फेऱ्याला पेटायचं.

टाकी सोड्याच्या पाण्यात, चार्जर लावून,
अंघोळीच्या टबात. तीन आठवडे
मी शेजारणीकडे अंघोळ केली.

पॉइंट्स तीन, प्रत्येकाची वेळ वेगळी जुळवायची.
मध्ये सिगारेटचा कागद धरायचा: सुटला, की तिथेच थांबायचं.
मधला शेवटी घेतला. का, ते माहीत नाही.

मार्चमध्ये, चावीशिवाय, वायरला वायर जोडून,
अकराव्या किकला खोकली
आणि सगळी गल्ली निळ्या धुरात बुडाली.
समोरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले,
शिव्या दिल्या,
आणि कपडे कवेत घेऊन दारातच ऐकत राहिल्या.

इडवाल बाहेर आला नाही. गुडघे.
खिडकी उघडली, वीतभर.
मी अंगणात तिला गुरगुरत ठेवली.
कुत्रा मेंढ्या सोडून माझ्याकडे बघत बसला.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
"मधला उशिरा पेटतोय."
आणि खिडकी लावून घेतली.

घरी येऊन पुन्हा कागद धरला. बरोबर होतं.
पुन्हा धरला. घोडं कुठं पेंड खातंय, कळेना.
तरी केसभर पुढे घेतलं, त्याच्या शब्दाखातर.

पुढच्या रविवारी खिडकी पूर्ण उघडली.
"मधला आता ठीक. डावा बघ जरा.
टेक्विन पहिल्यापासून आळशीच."

त्याच्या पुढच्या रविवारी, अर्थात, उजवा.
हेविन म्हणे घाईचा. लग्नसुद्धा घाईतच केलं,
आणि गेलाही तसाच.

आज तो दारापर्यंत आला, काठी न घेता,
चौकटीला धरून. डोकं एका बाजूला कलतं करून म्हणाला,
मधल्याचं परत काहीतरी बिनसलंय.

चावी त्याच्या कोटाच्या खिशात वाजते, मला ऐकू येते.
बरं, म्हणते मी. रविवारी येते.
किक मारते.
माझं काही अडलेलं नाही.