रद्दची वही

सोमवारच्या बाजारात, देवळाली गावात,
मेथीची जुडी पिशवीत टाकली
आणि मागच्या खिशाकडे हात गेला.
खिसा होता.
पाकीट नव्हतं.

मेथीवाली म्हणाली, राहू द्या काका, पुढच्या सोमवारी द्या.
वीस रुपयांचं काही नाही,
पण एकतीस वर्षं नोटा मोजलेले हात
नळाखाली धरल्यासारखे गार पडले.

मोबाईल शर्टाच्या खिशात होता.
सुनेने, प्रणोतीने, दिवाळीत त्यात तीन कार्डं भरून दिली होती.
पेन्शनचं निळं, सहकारी बँकेचं हिरवं,
आणि एक तिच्याच खात्याला जोडलेलं, माझ्या नावाचं.
बाबा, अडीअडचणीला असू द्या.
मी ते एकदाही वापरलं नाही.
अडचण आलीच नाही,
किंवा आली तेव्हा सांगितली नाही.

रसवंतीच्या बाकावर बसलो, चष्मा पुसला.
कार्डं एकामागे एक, पिसलेल्या पत्त्यांसारखी.
प्रत्येकाखाली दोन ओळी:
तात्पुरतं गोठवा.
कायमचं बंद करा.

निळं गोठवलं. ते राखाडी झालं.
हिरवं गोठवलं. तेही.
तिसऱ्याला अंगठा एक ओळ खाली घसरला.
कारण निवडा, मोबाईल म्हणाला.
हरवलं. चोरीला गेलं. खराब झालं. आता गरज नाही.
चरकाची घुंगरं वाजत होती, शेजारी कुणी आलं कमी घालायला सांगत होतं,
आणि मी चौथ्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळलो.
मग 'हरवलं' दाबलं.

प्रेसमध्ये असताना
रोज संध्याकाळी फाटकावर झडती व्हायची.
दिवसभर कोट्यवधी हाताखालून गेलेले,
खिशात बसचे सुटे पैसे.
एक कागद कमी भरला तर कुणी घरी जात नसे.
एकदा रात्री साडेदहाला तो सापडला,
गठ्ठ्याच्या तळाला, ओल्या शाईने चिकटलेला.
टाळ्या नाहीत, काही नाही.
सगळ्यांनी गुपचूप डबे उचलले.

पाकीट घरीच होतं.
खुंटीवर, कालच्या पँटमध्ये.
निळं एका बोटाने परत निळं झालं, हिरवं हिरवं.
तिसऱ्यावर आडवी रेघ.

तेवढ्यात प्रणोतीचा फोन, पाथर्डी फाट्यावरून.
तिला लगेच निरोप गेला होता, मला तो माहीतच नव्हता.
बाबा, माझं काही चुकलं का?
नाही गं.
मग कार्ड का बंद केलंत?
अंगठा, मी म्हणालो.
ती हसली नाही. मीही नाही.
मेथी आणलीय, मी म्हणालो, उधारीवर.
तेव्हा हसली.

नवं सात दिवसांत येईल, म्हणाली,
जुनं कापून टाका,
आणि हे बघा, नवं वापरायचं मात्र.

कापणं असं एकट्याने होत नाही.
जेल रोडवरून सॅम्युएल साळवेला बोलावलं,
मोजणी खात्यात माझ्या समोरच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेला.
तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.
किराण्याच्या वहीचं शेवटचं पान घेतलं,
पट्टीने रकाने आखले:
तारीख, नग, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कारण, साक्षीदार.

कात्री जुनी होती, प्लास्टिक हट्टी.
माझ्या नावाचं पहिलं अक्षर
उडून सोफ्याखाली गेलं.
ते सापडेपर्यंत सॅम्युएल चहाला हात लावेना.

कारणाच्या रकान्याशी त्याने पेन थांबवलं.
काय लिहू? हरवलं?
हरवलं कुठे होतं, मी म्हणालो.
तो रकाना कोरा ठेव.
कोरा ठेवता येत नाही, तुला माहीत आहे.

मग त्याने बारीक अक्षरात लिहिलं: अंगठा.
सही केली. माझी घेतली.
आणि जुन्या सवयीने
बोटाला थुंकी लावून
तुकडे दोनदा मोजले.
चार.
बरोबर.