अंधार बघून

आधी ती शाळेची बस होती.
पांढरा रंग मारलाय आम्ही, तरी
दाराच्या बिजागरीपाशी जुना पिवळा डोकावतो
आणि मागच्या काचेवर 'मुले' एवढंच वाचता येतं,
'सावकाश' खरवडून गेलंय.

तीस वर्षं उद्यमनगरात साचे भरून
हिंदुरावांनी ही गाडी घेतली.
आत एक पलंग, शेगडी, पाण्याचा कॅन,
माझ्यासाठी खिडकी.
लोक म्हणाले, घर असताना कशाला?
मीही म्हणाले होते, जरा हळू आवाजात.

लक्ष्मीपुरीतून सहा सौरदिवे आणले,
बागेत खोचतात तसले, वाटीएवढे,
डोक्यावर काळी काच, पोटात करंगळीएवढा सेल.
ह्यांनी त्यांचे खुंट करवतीनं कापले,
मोडक्या स्पीकरांची चुंबकं बुडाला चिकटवली.
तीन ह्या अंगाला, तीन त्या.
टक्. टक्. टक्.
पत्र्यानं धरून ठेवले.
दिवसभर ऊन खाल्लं त्यांनी
कामावरच्या माणसानं भाकरी खावी तसं, न बोलता.

पहिला मुक्काम लांब नको म्हणून रंकाळ्यावर.
भेळ खाल्ली, अंधार पडला,
एक दिवा लागेल तर शपथ.
ह्यांनी दुकानदाराला शिवी दिली,
मग सेलला, मग मला नुसतंच बघितलं.
एक उपटून ओंजळीत झाकला,
तर बोटांच्या फटींतून उजेड.
"आयला, ह्यास्नी अजून दिवसच वाटतोय."
डोक्यावर महापालिकेचा खांब होता, पांढराधोप.

म्हणजे ह्यांना ऊन पण पायजे
आणि अंधार पण पायजे,
आणि दोन्ही भेसळ नसलेलं.
लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली,
असल्या स्वभावाची सवय आहे मला.

तेव्हापासून आम्ही अंधार बघून गाडी लावतो.
झाड नको, खांब नको, धाबा नको.

पौषात गगनबावड्याच्या रस्त्याला,
कळ्याच्या बरंच पुढं,
तुटून गेलेल्या फडाच्या कडेला लावली.
जळक्या पाचटाचा वास, थंडी.
सहाच्या सहा लागले.
उजेड तो किती?
सुईत दोरा ओवता येत नाही,
पण चप्पल सापडते,
किटलीचा कान सापडतो,
माणूस जागं आहे का झोपलंय तेवढं कळतं.

रात्री दोनला घुंगरं थांबली.
टायरगाडी, उसानं शिगोशिग,
मोळ्यांवर बाई, तिच्या शालीत पोर.
गाडीवान बीडकडचा असावा, बोलण्यावरून.
पाणी मागितलं. पिऊन झालं तरी
तांब्या हातातच, नजर दिव्यांवर.
"मालक, हे कशावर जळतेत?"
"उन्हावर."
"आन् वायर?"
"न्हाई."
तो गाडीच्या मागं गेला, म्हणून आम्हीही गेलो.
मागं काहीच नव्हतं.
एक लाल चिंधी, अंधारात तीही काळी.
"परवा आमच्यातल्या एकाला, मागून ट्रक..."
एवढंच बोलला आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.

कुणी मागितलं नाही, कुणी विचारलं नाही.
दाराजवळचा, माझ्या चपलेवरचा, मी काढला
आणि टायरगाडीच्या लोखंडी आडव्याला लावला.
टक्.
वर बाईनं शाल सारखी केली.

मग बैल दिसेनात, ऊस दिसेना,
घुंगरांच्या मागोमाग एक ठिपका
वळणापर्यंत गेला.
आम्ही उगाच उभे होतो, पायाला गारठा लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मोजले. पाच.
हिंदुराव चहा गाळत होते,
मान वर न करता म्हणाले,
"सहा हायत. एक कामावर गेलाय."

रविवारी गाडी पुसायची असते.
दाराजवळ पत्र्यावर एक गोल आहे,
भोवतीनं धूळ, आत नाही.
फडकं मी त्याच्या कडेकडेनं फिरवते.