पंचवीसपैकी

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावरची खोली.
एसी चालू असला की माणसांचा आवाज ऐकू येत नाही,
बंद केला की गवत कापायच्या यंत्राचा येतो.
या दोन आवाजांच्या मधल्या फटीत
मी संवादकौशल्य शिकवते.

फळ्यावर लिहिलंय: नजर. श्वास. विराम.
खाली कुणीतरी बारीक खडूने 'चहा' जोडलंय.
मी पुसलं नाही.

तीन मिनिटं, विषय आपल्या आवडीचा.
ग्लेनिशा बोलली, एकही चूक नाही,
आणि खाली बसल्यावर
काय बोलली ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग सोयरू वेळीप उठला.
नाव आजोबाचं, बाकी सगळं नवं: बूट, चष्मा, घाम.
"गुड मॉर्निंग," म्हणाला, दुपारी अडीच वाजता.
नंतर एकेचाळीस सेकंद, घड्याळ माझ्याच हातात होतं,
खिडकीतून जुवारीकडे बघत राहिला,
जणू शब्द तिकडून फेरीबोटीने यायचे होते.
सहा दिले. तेही उभं राहिल्याबद्दल.

"म्याडम, घरी कोंकणी, शाळेत मराठी, हंगा इंग्लिश.
तोंड उघडलं की तिन्ही एकदम दारात येतात
आणि अडकतात."
आरशासमोर सराव कर, म्हटलं.
"केला. आरशात तुम्ही दिसता."

डिसेंबरात त्याच्या गावी गेले, काणकोणच्या पार आत,
जत्रेला, त्याने बोलावलं म्हणून.
पावणी चालू होती.
देवाला आलेला भोपळा डोक्यावर धरून
चौथऱ्यावर सोयरू, अनवाणी.
"शंभर! शंभर एक वार…"
नजर थेट मागच्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत.
श्वास बेंबीतून.
आणि 'दोन वार'नंतर तो असा थांबला
की समईची वात तडतडलेली ऐकू आली,
माणसं आपापले खिसे चाचपू लागली,
आणि माझा हात कधी वर गेला
मला कळलं नाही.

साडेतीनशेला घेतला.
मला भोपळा आवडत नाही.

परतीच्या कदंबमध्ये तो मांडीवर घेऊन
मी वाक्य जुळवत होते: अरे, तुला तर येतं!
पण काणकोण ते मडगाव ते वाक्य टिकलं नाही.
तिथे लोकांना भोपळा हवा होता.
आमच्या खोलीत कुणाला कुणाकडून
काहीच नको असतं, गुण सोडून.

सोमवारी घड्याळ पर्समध्येच ठेवलं.
ऐकणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा, म्हटलं,
खरोखर पडलेला.

सोयरू पावणीच्या वहीबद्दल बोलला:
बोली लावून पैसे न देणाऱ्यांची नावं,
वर्षानुवर्षं, आजोबाच्या अक्षरात.
इंग्रजी दोनदा घसरलं, मराठीने हात दिला,
शेवट कोंकणीतच झाला.
ग्लेनिशाने विचारलं, "आणि दिलेच नाहीत तर?"
तो थांबला.
सवयीने मी अकरापर्यंत मोजलं.
"तर पुढच्या वर्षी तोच
सगळ्यांत मोठ्याने बोलतो."
हसण्यात एसीचा आवाज बुडाला.

गुण अजून भरलेले नाहीत.
भोपळा स्टाफरूमच्या कपाटावर आहे.
रोज कुणीतरी विचारतं, कितीला पडला?
आणि मी आकडा सांगण्याआधी
जरा थांबते.